उतारवयातील कोरडी त्वचा : ओलावा टिकवण्याची साधी रीत

दिवाळी सरते, दख्खनच्या पठारावरील हवा कोरडी होऊ लागते आणि आमच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागासमोरील बाकांवर वृद्ध रुग्णांची संख्या वाढू लागते. बहुतेकांची तक्रार एकच असते, ती म्हणजे खाज. अशाच एका सकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलाबरोबर आल्या होत्या. दोन्ही पायांच्या नडग्यांवर पांढरट खवले, पाठीवर व दंडांवर नखांचे ओरखडे आणि डोळ्यांखाली जाग्रणाची काळी वर्तुळे. ‘‘डॉक्टर, माझं रक्त बिघडलंय. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही,’’ हे त्यांचे पहिले वाक्य होते. रक्तशुद्धीचे काढे घेऊन झाले होते. आंघोळीच्या कढत पाण्यात कधी कडुलिंबाचा पाला, तर कधी जंतुनाशक द्रव घालून झाले होते. औषधी साबणाने दिवसातून दोन वेळा अंग घासून स्नान चालू होते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या तीन मलमांच्या नळ्या पिशवीत होत्या. खाज मात्र वाढतच होती.

आम्ही त्यांची तपासणी केली आणि आवश्यक त्या रक्तचाचण्या करून घेतल्या. रक्तात काहीही बिघाड नव्हता. आजींची त्वचा कोरडी पडली होती, आणि ती बरी करण्यासाठी केलेला प्रत्येक उपाय तिला अधिक कोरडी करत होता. साबण कमी करणे, पाणी कोमट ठेवणे आणि ओल्या अंगाला तेल लावणे, एवढ्यावर त्यांना पंधरा दिवसांत पुष्कळ आराम पडला.

हा अनुभव अपवादात्मक नाही. वाढत्या वयातील त्वचेचा कोरडेपणा हा सौंदर्याचा प्रश्न समजला जातो. म्हणून घरातील माणसे तिकडे फारसे लक्ष देत नाहीत आणि वृद्धही संकोचाने बोलत नाहीत. प्रत्यक्षात तो झोपेचा, जखमांचा, जंतुसंसर्गाचा आणि मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत कधी कधी पाय वाचवण्याचा प्रश्न असतो. म्हणून यंदाच्या अहवालातील आरोग्यविषयक लेखासाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

त्वचेची भिंत

त्वचा हा मानवी शरीरातील सर्वांत मोठ्या अवयवांपैकी एक होय. प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचे दोन मुख्य थर असतात. वरची ती बाह्यत्वचा आणि खालची ती अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्याही अगदी वर मृत पेशींचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याला शृंगी थर असे म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांवर या थराची जाडी मिलीमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढीच असते. तरीही शरीरातील पाणी आत राखण्याचे काम प्रामुख्याने हाच थर करतो.

या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. चपट्या मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेले स्निग्ध द्रव्य हा चुना. या चुन्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हे तीन घटक असतात. कोलेस्टेरॉलचे नाव ऐकताच आपण दचकतो. परंतु रक्तात अति झाल्यास घातक ठरणारा हा पदार्थ त्वचेच्या भिंतीत मात्र अत्यावश्यक असतो. विटांच्या आतही पाणी धरून ठेवणारी काही द्रव्ये असतात. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाचे विघटन होऊन ती तयार होतात. ही द्रव्ये पाणी शोषून ठेवतात आणि बाहेरचा चुना ते पाणी उडून जाऊ देत नाही.

भिंत सुस्थितीत असतानाही थोडे पाणी तिच्यातून झिरपून हवेत जातच असते. घाम वगळता केवळ या मार्गाने प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून दिवसाला सुमारे 300 ते 400 मिलीलिटर पाणी जाते. चुना झिजला, की हे प्रमाण वाढते. मग वरचा थर वाळतो, आक्रसतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळावर पडतात तशाच या भेगा नडगीवर दिसू लागतात.

वय वाढते तेव्हा

वयोमानाप्रमाणे त्वचेत अनेक बदल एकाच वेळी घडत असतात. शृंगी थरातील स्निग्ध द्रव्यांची निर्मिती मंदावते, त्यामुळे भिंतीला एकदा इजा झाली की ती भरून येण्यास तरुणपणापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. तरुण वयात बाह्यत्वचेच्या पेशी सुमारे चार आठवड्यांत तळापासून वर येऊन गळून पडतात; वृद्धापकाळी हाच प्रवास लांबतो. जुन्या पेशी वेळेवर न गळता एकमेकींना चिकटून राहतात. अंगावर दिसणारे पांढरे खवले ते हेच.

तैलग्रंथींचे कामही कमी होते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ही घट लवकर जाणवते. पुरुषांमध्ये ती उशिरा येते. नडग्यांवर मुळातच तैलग्रंथी कमी असतात, म्हणून कोरडेपणाची पहिली खूण बहुधा तेथेच उमटते. खालची अंतस्त्वचाही पातळ होते. तिच्यातील कोलॅजेन व लवचीक तंतू झिजतात, बारीक रक्तवाहिन्यांचा आधार ढिला होतो आणि किरकोळ धक्क्यानेही हातांवर जांभळे डाग उठतात. जन्मभर शेतात, रस्त्यावर किंवा बांधकामावर उन्हात राबलेल्या माणसांच्या हातांवर हे बदल अधिक ठळक दिसतात, कारण सूर्यकिरणांतील अतिनील किरण या तंतूंचा नाश करतात.

औषधांचाही वाटा असतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तींमध्ये कोरडेपणा वाढू शकतो. म्हणून अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना तक्रार सांगावी आणि त्वचेची निगा अधिक काळजीने घ्यावी.

खाजेपासून जखमेपर्यंत

कोरड्या त्वचेतील बारीक भेगांमुळे तेथील मज्जातंतूंची टोके चेतवली जातात आणि खाज सुटते. खाजवल्याने भिंतीला आणखी इजा होते, पाणी अधिक उडते आणि खाज दुणावते. रात्री अंथरुणाच्या उबेत ती असह्य होते. झोपमोड झालेला वृद्ध दिवसभर पेंगतो, चिडचिड करतो, त्याचा तोल जाण्याची शक्यता वाढते. घरातील माणसांना मात्र तो ‘हल्ली फार किरकिर करतो’ एवढेच दिसते.

नखांच्या ओरखड्यांतून जंतू आत शिरतात. पायाच्या एखाद्या भेगेतून शिरलेल्या जंतूंमुळे संपूर्ण पोटरी लाल, गरम व टणक होऊन ताप येतो आणि रुग्णास दाखल करून शिरेवाटे प्रतिजैविके द्यावी लागतात. अशा रुग्णाचा इतिहास विचारत मागे मागे गेले, की पुष्कळदा आरंभी एक कोरडी, खाजवलेली नडगी किंवा फुटलेली टाच सापडते.

अतिवृद्धांमध्ये आणखी एक धोका असतो. खुर्चीच्या कडेला हात घासणे, कुशीवर वळवताना मनगट धरणे, चिकटपट्टी ओढून काढणे, एवढ्यानेही कातडी कागदासारखी फाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील 14 वृद्धनिवासांमध्ये या संदर्भात एक अभ्यास झाला व तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. काही निवासांत रहिवाशांच्या हातापायांना दिवसातून दोन वेळा नियमाने साधे, सुगंधविरहित मलम लावण्यात आले, तर उर्वरित निवासांत नेहमीचीच पद्धत चालू ठेवली. नियमाने मलम लावलेल्यांमध्ये कातडी फाटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे आढळले. एवढ्या साध्या कृतीचा एवढा परिणाम व्हावा, ही गोष्ट प्रत्येक घराने लक्षात घेण्यासारखी आहे.

तेल की पाणी? एक जुना प्रयोग

‘अंग कोरडे पडले, तेल लावा’ असे आपण सहज म्हणतो. परंतु त्वचेला मऊ करते ते तेल की पाणी? अमेरिकन संशोधक आयर्विन ब्लँक यांनी 1952 मध्ये याचे उत्तर एका साध्या प्रयोगाने दिले. त्यांनी पायाच्या घट्ट्यांच्या वाळलेल्या, ठिसूळ कातडीचे तुकडे घेतले. तेलात बुडवून ठेवलेले तुकडे ठिसूळच राहिले. पाणी मिळालेले तुकडे मात्र मऊ व लवचीक झाले. शृंगी थरातील पाण्याचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांच्या खाली गेले, की तो ठिसूळ होतो, असे त्यांनी दाखवले.

याचा अर्थ तेल निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. त्वचेला मऊ करते ते पाणी. ते पाणी अडवून धरते ते तेल. म्हणून कोरड्या ठणठणीत अंगाला दुपारी तेल चोळण्यापेक्षा स्नानानंतर ओलसर अंगाला तेच तेल लावल्यास अधिक उपयोग होतो. आपल्या अभ्यंगस्नानातही तेल, ऊन पाणी आणि उटणे यांचा क्रम असतो. तेलाचा पातळ थर अंगावर राहतो आणि पाणीही मिळते. मात्र भरड उटण्याने किंवा वज्रीने जोरात घासणे वृद्धांच्या नाजूक त्वचेला सोसत नाही. दिवाळीतला हा उपचार वर्षभर, सौम्य रीतीने आणि दररोज व्हावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

स्नान कसे असावे

पाणी कोमट असावे. बंबातले कढत पाणी अंगावर घेताना खाज क्षणभर थांबते, म्हणून रुग्णांना ते हवेसे वाटते. पण तेच पाणी त्वचेतील स्निग्धता विरघळवून टाकते आणि अर्ध्या तासात खाज दुप्पट होऊन परत येते. स्नान पाच ते दहा मिनिटांत आटोपावे.

त्वचेचा पृष्ठभाग स्वभावतः किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीचा वडीचा साबण अल्कधर्मी असतो. तो मळ काढतो, त्याबरोबर भिंतीतला चुनाही काढतो. वृद्ध व्यक्तीने काखा, जांघा व पाऊल एवढ्याच ठिकाणी साबण लावावा. हात, पाय, पाठ व पोट यांना नुसते पाणी पुरते. साबण सौम्य व बिनवासाचा असावा. डाळीचे पीठ वापरायचे असल्यास ते दुधात किंवा सायीत कालवून, न घासता लावावे. पाण्यात जंतुनाशक द्रव घालण्याचे काहीही कारण नाही. कोरडेपणा हा जंतूंमुळे होत नसतो, आणि हे द्रव त्वचेचा दाह करतात.

स्नानानंतर पंचाने अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि अंगावर किंचित ओल असतानाच, म्हणजे साधारणतः तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावावे. झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा, ओल्या फडक्याने हातपाय पुसून, तीच कृती करावी. तळपायांना लावल्यावर लगेच चालू नये. न्हाणीघरात तर तळपायांना तेल लावूच नये. घसरून खुब्याचे हाड मोडणे हे कोरड्या त्वचेपेक्षा किती तरी मोठे संकट आहे.

काय लावावे

महागड्या बाटलीची गरज नाही, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करतो. रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली, म्हणजे घरोघरी ठाऊक असलेली व्हॅसलिन, ही पाणी अडवण्याच्या बाबतीत आजही सर्वांत परिणामकारक पदार्थांपैकी एक आहे. ती चिकट वाटते, म्हणून पातळ थरात व ओल्या त्वचेवर लावावी.

खोबरेल तेल हा आपल्याकडील दुसरा उत्तम पर्याय होय. फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या 34 रुग्णांवर दोन आठवडे केलेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घाण्याच्या शुद्ध खोबरेल तेलाची खनिज तेलाशी तुलना केली असता दोन्हींचा गुण सारखाच आला. सूर्यफुलाचे तेलही चालते. याउलट, परदेशी असलेली मुले मोठ्या प्रेमाने पाठवतात ते ऑलिव्ह तेल मात्र अंगाला लावू नये. 2013 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेची भिंत कमकुवत झाली, सूर्यफुलाच्या तेलाने मात्र ती शाबूत राहिली, असे आढळले. ते तेल स्वयंपाकात वापरावे.

टाचांच्या भेगांसाठी कोकणात व गोव्यात कोकमाच्या बियांपासून काढलेले घट्ट तेल वापरतात. त्याचे मुठीने गोळे वळले जातात म्हणून त्याला मुठेल म्हणतात. कोठे ते भिरंडेल म्हणून ओळखले जाते. ते वितळवून भेगांत भरण्याची रीत योग्यच आहे. मात्र तेल कोमट असावे. चटका बसेल इतके गरम तेल कधीही लावू नये. गुलाबपाणी व ग्लिसरीन घरोघरी असते. ग्लिसरीन पाणी ओढून धरते. ते पातळ करून, ओल्या त्वचेवर लावावे आणि त्यावर तेलाचा हात फिरवावा. खवले जाड असल्यास युरिया असलेले मलम उपयोगी पडते. अंगासाठी साधारणतः 10 टक्के आणि टाचांसाठी 20 ते 25 टक्के प्रमाणाचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावे. भेगा चिरलेल्या असतील तर त्याने आग होते, हे आधीच सांगितलेले बरे.

एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. पेट्रोलियम जेली व तेल कपड्यांत, पांघरुणात मुरते आणि असे कापड चटकन पेट घेते. गॅसची शेगडी, देवापुढील निरांजन, विडी-काडीपेटी यांजवळ जाताना ही गोष्ट विसरू नये, आणि कपडे वरचेवर धुवावेत.

काय लावू नये तेही सांगणे आवश्यक आहे. आजींच्या पिशवीतील तीनपैकी दोन मलमांत तीव्र स्टिरॉइड होते. अशा मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून शेजारी शेजाऱ्याला त्याची नळी सुचवतो. परंतु वयाने आधीच पातळ झालेली त्वचा त्याच्या दीर्घकाळ वापराने आणखी पातळ होते, तिच्याखाली रक्त साकळते आणि बुरशीचा संसर्ग झाकला जाऊन पसरतो. स्टिरॉइड मलमाला त्याची जागा आहे, पण ती जागा डॉक्टरांनी ठरवावी. खाजेसाठी दिल्या जाणाऱ्या झोप आणणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. वृद्धांना त्यांनी गुंगी येते, तोल जातो, पुरुषांची लघवी तुंबू शकते.

पाणी किती प्यावे

‘पाणी कमी पितात म्हणून अंग कोरडे पडले’ असे नातेवाईक नेहमी सांगतात. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, ही गोष्ट खरी आहे. म्हणून वृद्धांना आठवणीने पाणी, ताक, पेज, सार देत राहणे हितावह आहे. परंतु पुरेसे पाणी पिणाऱ्या व्यक्तीने आणखी चार तांबे पाणी प्याले, म्हणून शृंगी थराचा ओलावा भरून निघत नाही. भिंत गळकी असेल तर टाकी भरून उपयोग नाही. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना तर अधिक पाणी अपायकारक ठरू शकते. त्यांनी डॉक्टरांनी आखून दिलेले प्रमाण मोडू नये.

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून शरीरातील पाणी कमी झाले की काय ते पाहण्याची पद्धत वृद्धांमध्ये फसवी असते. लवचीकता गेल्यामुळे त्यांची कातडी एरवीही चटकन खाली बसत नाही. त्याऐवजी जीभ कोरडी आहे का, लघवी गडद व कमी होते का, माणूस सुस्त किंवा गोंधळलेला वाटतो का, हे पाहावे. यांपैकी काही आढळल्यास तो त्वचेचा प्रश्न नसून तातडीने डॉक्टरांकडे जाण्याचा प्रसंग आहे.

मधुमेह आणि टाच

मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंना इजा होते, तेव्हा दोन गोष्टी घडतात. पायाला घाम येणे कमी होऊन पाऊल कोरडे पडते, आणि वेदना जाणवेनाशी होते. टाच फुटते, परंतु दुखत नाही. म्हणून रुग्ण अनवाणी चालत राहतो. भेगेत माती जाते, पू होतो आणि मोज्याला किंवा अंथरुणाला डाग दिसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अशा अवस्थेत आलेल्या रुग्णाचा पाय वाचवण्यासाठी शल्यचिकित्सकांना शर्थ करावी लागते आणि प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही.

म्हणून मधुमेही व्यक्तीने रोज रात्री दिव्याच्या उजेडात दोन्ही पावले पाहावीत. वाकणे जमत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा सून, मुलगा, नातवंडे यांपैकी कोणाला तरी पाहावयास सांगावे. टाचांना व पावलाच्या वरच्या भागाला मलम लावावे. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नये, तेथे ओल साचून बुरशी होते. भेगांची कातडी ब्लेडने कापू नये. पाण्याची ऊब पायाने न अजमावता कोपराने, किंवा संवेदना शाबूत असलेल्या घरातील दुसऱ्या माणसाच्या हाताने अजमावावी. घरातही चप्पल वापरावी.

आमच्याच प्रभागातील एक जुनी सवय

इतरांना उपदेश करताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आमच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची पाठ साबणाने पुसून, स्पिरिटने चोळून, वर टाल्कम पावडर लावली जात असे. परिचारिका हे काम मनापासून करीत. प्रशिक्षणात तेच शिकवले गेले होते. रुग्णाला गार वाटे, पावडरीचा सुवास येई आणि नातेवाईकांना काळजी घेतल्याचे समाधान मिळे. परंतु स्पिरिट त्वचेतील स्निग्धता धुऊन काढते, पावडर उरलीसुरली ओल शोषून घेते, आणि हाडांवरील लालसर जागा चोळल्याने आतील पेशींना अधिक इजा होते. शय्याव्रण टाळण्यासाठी केलेली ही सेवा वृद्धांच्या त्वचेला दुबळी करीत होती. हे आमच्या ध्यानात येण्यास उशीर झाला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

आज आमच्या प्रभागांत कोमट पाण्याने अंग पुसले जाते, साबण लागेल तेथेच वापरला जातो, अंग टिपून हातापायांना पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने लावले जाते. लाल झालेली जागा चोळली जात नाही. ठरावीक वेळाने रुग्णाची कूस बदलली जाते. प्रभागातील मावशींपासून वरिष्ठ परिचारिकांपर्यंत सर्वांनी हा बदल अंगीकारला, याचे श्रेय त्यांचेच आहे. नव्या यंत्राची बातमी अहवालात मोठी दिसते. मलमाच्या एका डबीची दिसत नाही. परंतु आमच्या वृद्ध रुग्णांच्या रात्री ज्यामुळे सुखाच्या झाल्या, त्यांत या डबीचाही वाटा आहे.

डॉक्टरांकडे केव्हा यावे

वर सांगितलेली निगा दोन ते तीन आठवडे नियमाने घेऊनही खाज थांबली नाही, तर तपासणी करून घ्यावी. अंगावर काहीही न दिसता सर्वांगाला खाज सुटणे हे कधी कधी मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडच्या विकाराचे, रक्तक्षयाचे, तर क्वचित रक्ताच्या किंवा लसिकाग्रंथींच्या गंभीर आजाराचे पहिले लक्षण असते. खाजेबरोबर वजन घटणे, ताप, कावीळ किंवा गाठी आढळल्यास विलंब करू नये. घरातील दोन-तीन माणसांना एकाच वेळी, विशेषतः रात्री, बोटांच्या बेचक्यांत व कमरेभोवती खाज सुटत असेल, तर ती बहुधा खरूज असते. तिचा उपचार सर्वांनी एकदम घ्यावा लागतो. पाय लाल, गरम व सुजलेला असेल, किंवा मधुमेही व्यक्तीच्या पावलावर कोणतीही जखम असेल, तर त्याच दिवशी यावे.

त्या आजी पुढील वेळी आल्या तेव्हा नडग्यांवरचे खवले गेले होते आणि ओरखडे भरत आले होते. ‘‘आता झोप लागते,’’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या उपचाराला लागले ते थोडे खोबरेल तेल, कोमट पाणी आणि रोज संध्याकाळी पाठीवर, जेथे स्वतःचा हात पोहोचत नाही तेथे, तेल लावणारा सुनेचा हात. पहिल्या दोन गोष्टी कोणत्याही घरात आहेत. तिसरीही असावी, अशी आमची आपणा सर्वांना विनंती आहे. घरातील वृद्धांच्या पाठीकडे व पावलांकडे आज एकदा पाहावे. पुष्कळदा त्यांनी न सांगितलेली तक्रार तेथे लिहिलेली असते.